जेवणाच्या टेबलावरची सूचना

नोव्हाय, मिशिगन
रविवार, ११ जानेवारी २०२६

चि. देवांग यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा सांत्वनाचा ई-मेल २ डिसेंबर रोजी मिळाला. उत्तरास चाळीस दिवस लागले, याबद्दल दिलगीर आहे. ई-मेलला मी पत्राने उत्तर देतो आहे, कारण अशा विषयांवरचा टंकलेला मजकूर मला तांत्रिक टिपणासारखा वाटतो. येथे उणे अठरा तापमान आहे. गॅरेजचे दार गोठल्यामुळे दोन दिवस उघडलेले नाही. माझी प्रकृती ठीक आहे.

शोभना शनिवार, २९ नोव्हेंबर रोजी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी गेली. स्वादुपिंडाचा कर्करोग होता. निदान जुलैत झाले, तेव्हाच उशीर झालेला होता. सप्टेंबरपासून तिला घरीच ठेवले. अंत्यसंस्काराला महाराष्ट्र मंडळाची साठेक माणसे आली. तिच्या रविवारच्या मराठी शाळेतली मुले रांगेने उभी होती. त्यांतील अनया नावाची मुलगी पुढे येऊन म्हणाली, "काकू वॉज सुपर स्ट्रिक्ट, बट इन अ नाइस वे." चौदा वर्षे मराठी शिकवल्याचे फळ एवढेच, असे माझ्या मनात आले. 

तुझ्या ई-मेलमध्ये तू तिला 'आईसारख्या' म्हटले आहेस. तू आमच्या तळघरातल्या खोलीत आठ महिने राहिलास. तेवढ्यात कोणी कोणाची आई होत नाही. तुझी आई सांगलीत हयात आहे, तिच्यावर अन्याय करू नकोस. आम्हाला मूल नव्हते, याचा अर्थ ती जागा रिकामी होती, असा होत नाही.

अखेरच्या दिवसांत काकूंनी तुझी आठवण काढली का, असेही तू विचारले आहेस. आजारी माणसाच्या खोलीत कोण कोणाची आठवण काढते, याची नोंद कोणी ठेवत नाही.

आता तुझ्या विनंतीकडे वळतो. चाकणच्या एका कंपनीने तुला विजेवरच्या बसच्या मोटर-यंत्रणेच्या कामावर घेण्याचे ठरवले आहे, परंतु येथील आपल्या जुन्या कंपनीकडून 'सुरक्षाविषयक आकडा परवानगीविना बदलल्यामुळे बडतर्फ' असे कळवले गेल्याने त्यांनी नेमणूक रोखली आहे. १० मार्चपर्यंत तुझ्या त्या वेळच्या वरिष्ठाचे, म्हणजे माझे, लेखी निवेदन आले नाही तर ती जागा जाईल. दीड वर्ष तू मेव्हण्याच्या दुकानात पाण्याच्या पंपांच्या मोटारी गुंडाळतो आहेस, हेही तू लिहिले आहेस. ते लिहिण्याचे प्रयोजन मला समजले.

हे पत्र तू त्यांना दाखवशील असे गृहीत धरून, सामान्य वाचकाला कळेल अशा शब्दांत लिहितो. विजेच्या वाहनात बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये इन्व्हर्टर असतो. त्यात सहा स्विच असतात, तीन वरचे आणि तीन खालचे. ते सेकंदाला हजारो वेळा उघडमीट करून मोटरला हवा तसा प्रवाह पुरवतात. यंत्रणेत बिघाड झाला, की इन्व्हर्टरपुढे दोनच मार्ग उरतात. पहिला, सहाही स्विच उघडायचे. मोटर मोकळी सुटते आणि गाडी घरंगळत जाते. दुसरा, खालचे तिन्ही मिटायचे. मोटर स्वतःच्याच प्रवाहात अडकते आणि चाकांना ब्रेक लागतो. वेग जास्त असताना मोकळी सुटलेली मोटर स्वतः वीज निर्माण करून इन्व्हर्टर जाळते, म्हणून तेथे दुसरा मार्ग. वेग कमी असताना ब्रेकचा हिसका मोठा बसतो, म्हणून तेथे पहिला. कोणत्या वेगाला एक सोडून दुसरा धरायचा, हे एका आकड्यावर ठरते.

आपल्या ट्रकसाठी तो आकडा मिनिटाला चार हजार फेऱ्या होता. रविवार, २८ जानेवारी २०२४ रोजी तुझ्या लॉगिनवरून तो दीड हजार केला गेला. १३ फेब्रुवारीस उत्तर मिशिगनच्या गोठलेल्या तळ्यावर चाचणी चालू असताना एक सेन्सर बंद पडला. वेग ताशी चाळीस किलोमीटर होता. गाडी घरंगळत जायला हवी होती; तसे न होता मागची चाके धरली गेली आणि ट्रक आडवा होत काठावरच्या झाडांवर आदळला. डेल या चालकाचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

नोंदीत तुझ्याशिवाय कोणाचे नाव नाही. सूचना माझी होती, असे तू तेव्हाही म्हणालास आणि आताही म्हणतोस. लेखी सूचना दाखव. प्रत्येक कनिष्ठ अभियंत्याला मी पहिल्याच दिवशी सांगत असे, की जे लिहिलेले नाही ते घडलेले नाही. तूही ते वहीत उतरवून घेतले होतेस.

त्यामुळे निवेदन देता येत नाही. मोटारी गुंडाळणे हीदेखील विद्युत अभियांत्रिकीच आहे. तिने हात स्थिर होतो.

आईवडिलांना नमस्कार सांग.

शुभचिंतक,
चंद्रशेखर दामले


नोव्हाय, मिशिगन
रविवार, १ फेब्रुवारी २०२६

चि. देवांग यास,
आशीर्वाद.

तुझा २९ जानेवारीचा ई-मेल वाचला. रागात तुझे लेखन सुधारते, हे प्रथमच लक्षात आले. सांत्वनाच्या ई-मेलमध्ये एकही वाक्य सरळ नव्हते. यात एकही वाकडे नाही.

तू लिहितोस, "काका, लेखी कुठून दाखवू? तुम्ही ऑफिसात सांगितलं असतंत तर मेल मागितला असता. तुम्ही घरी सांगितलंत. काकू भरली वांगी वाढत होत्या आणि तुम्ही पाण्याचा ग्लास सरकवावा तितक्या सहज तो आकडा सांगितलात."

काही तपशील दुरुस्त करणे आवश्यक आहे.

भरली वांगी नव्हती. डाळिंब्यांची उसळ होती. वांगी आदल्या रविवारी होती आणि ती तुला तिखट लागली होती. तू टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूला बसला होतास. लॅपटॉप ताटाशेजारी उघडा होता, याबद्दल शोभनाने टोकलेही होते.

"अहो, जेवताना तरी ती मोटर बंद करा. ताटात ऑइल सांडेल."

"काकू, ह्या मोटरमध्ये ऑइल नसतं," तू म्हणालास.

"मग एवढी कुरकुर कसली चाललीय दोघांची मघापासून?"

तू हसलास. मी हसलो नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेतल्या बेंचवर चाचणी होती. चार हजारांच्या जरा खालच्या वेगात बॅटरी तोडली की व्होल्टेज मर्यादेबाहेर चढत होते आणि दोन नवे इन्व्हर्टर त्याच आठवड्यात जळले होते. मी म्हणालो, "देवांग, तो थ्रेशोल्ड खाली आण. उद्याची टेस्ट पास व्हायला हवी."

"किती खाली, काका?"

"दीड हजार."

"दीड? काका, एवढं नको. तोच सॉफ्टवेअर बिल्ड वर बर्फावरच्या ट्रकमध्ये जातो. स्लो स्पीडला खालचे स्विच शॉर्ट झाले तर मागची चाकं धरतील. फिरेल गाडी."

"बर्फावर जायच्या आत परत चार हजार करू. मला शिकवू नकोस."

येथे तू घास तोंडाशी नेता नेता थांबलास आणि म्हणालास, "मग एक मेल टाकता का, काका? दोन ओळींचा. चेंज रिक्वेस्टला लावून ठेवतो."

म्हणजे तू लेखी मागितले होतेस. तुझ्या ई-मेलमध्ये हे नाही. त्यानंतरचे वाक्यही नाही. ते तू विसरलेला नाहीस. सोडून दिले आहेस. मी ते येथे लिहितो, कारण तपशील पूर्ण असावा. शोभना हातात डाव घेऊन उभी होती. ती म्हणाली, "अरे देवा! घरच्या माणसाकडे कागद मागतोस? काका आहेत ना ते तुझे? ऑफिस खाली ठेवून वर जेवायला येत जा रे." तू कानाच्या पाळ्या धरल्यास, "सॉरी काकू" म्हणालास, आणि तिने तुझ्या ताटात आणखी उसळ वाढली. भात येईपर्यंत तू आकडा बदलून मोकळा झाला होतास.

तेव्हा दोष कोणाचा, हा प्रश्न तुझ्या समजुतीपेक्षा अधिक गुंतागुंतीचा आहे.

सोमवारी चाचणी उत्तीर्ण झाली. आकडा पुन्हा चार हजारांवर नेण्यासाठी फक्त माझी मंजुरी हवी होती. तू दोनदा आठवण करून दिलीस, दोन्ही वेळा गाडीत, मी चालवत असताना. मी "हो, हो" म्हणालो. मला ॲरिझोनात, चँडलरला, एका परिषदेसाठी जायचे होते. मी परतलो त्या दिवशी डेलवर शस्त्रक्रिया झाली.

चौकशीच्या खोलीत मला एकच प्रश्न विचारण्यात आला. हा बदल करण्यास तुम्ही सांगितले होते का? मी उत्तर दिले, की तशी कोणतीही नोंद उपलब्ध नाही. हे वाक्य खरे होते. ते मी आदल्या संध्याकाळी तयार केले होते. तू समोर बसला होतास. मी बोलत असताना तू माझ्याकडे पाहिलेस आणि नंतर टेबलाकडे. तुझी पाळी आली तेव्हा तू "मला काका... डॉक्टर दामलेंनी सांगितलं" असे म्हणालास. 'काका' हा शब्द चौकशी करणाऱ्या तिघा अमेरिकनांपैकी कोणाला कळला नाही. तुझी बाजू तेथेच पडली, असे माझे मत आहे. नोकरी गेल्यावर या देशात राहण्यासाठी साठ दिवस मिळतात. तू एकेचाळिसाव्या दिवशी निघालास. विमानतळावर तुला मी सोडले नाही. शोभनाने सोडले.

त्या दिवशी ती परत आली आणि कोट न काढताच म्हणाली, "तुम्ही खोटं बोललात."

"मी खोटं बोललेलो नाही."

"मग खरं बोला."

 त्यानंतर ती त्या टेबलावर कधी जेवायला बसली नाही. माझे ताट ती तेथे मांडत असे, सर्व वाढत असे, आणि स्वतः ओट्याशी उभी राहून जेवत असे. पंधरा महिने. मंडळातील अरुण आणि सुलभा एकदा जेवायला आले होते. सुलभाने विचारले, "शोभना, तू बस ना गं!" तेव्हा ती म्हणाली, "ह्या टेबलावर मी साक्षीदार आहे. जेवायला दुसरी जागा आहे मला." त्यांना काही समजले नाही. मग तिने मला गोड वाढले.

तिने मला बोलण्याविषयी तीनदा सांगितले. रडून नाही, नेहमीच्या आवाजात. तिसऱ्यांदा मी म्हणालो, की त्याला कागद मागू नको म्हणणारी तू होतीस, मी नव्हे. त्यानंतर तिने पुन्हा सांगितले नाही. माझ्या आयुष्यात इतक्या अचूकपणे मी क्वचितच कोणाला गप्प केले असेल.

तू लिहितोस, "नोकरी गेली, व्हिसा गेला, ते सोसलं. पण काकूंनी एवढ्या काळात एक ओळही लिहिली नाही. ते लागलं."

तिने लिहिले होते. ६ ऑक्टोबर रोजी, दोन पाने. मी तिला फोन करण्याचे सुचवले, तेव्हा म्हणाली, "तोंडी बोलण्यानंच त्याचा घात झाला. हे मी तोंडी सांगणार नाही." तेव्हा तिला अंथरुणातून उठवत नव्हते. ते टपालात टाकण्याचे काम माझ्याकडे होते.

आमच्या दारापासून टपालपेटी चारशे पावलांवर आहे.

आज येथेच थांबतो.

चंद्रशेखर काका


नोव्हाय, मिशिगन
रविवार, २२ फेब्रुवारी २०२६

देवांग,

तुझा एका ओळीचा निरोप मिळाला. "काका, काकूंचं पत्र पाठवा. बाकी काही नको." ते पत्र या पाकिटात आहे. बाकीचे तुला नको असले तरी मी लिहिणार आहे. हे तुला सांगणे ही तुझ्यावर कृपा नाही.

शोभनाने पाकिटावर तुझा सांगलीचा पत्ता लिहिला, तिकिटे लावली, परंतु पाकीट चिकटवले नाही. तिचा माझ्यावर तेवढा विश्वास होता, किंवा ती माझी परीक्षा घेत होती. मी ते गाडीत बसून वाचले. पहिल्या पानावर त्या रविवारचा वृत्तांत आहे. तो माझ्या मागच्या पत्रातल्या वृत्तांताशी जुळतो. ते पत्र मी तिचे पान समोर ठेवूनच लिहिले होते. फरक एवढाच, की तिने स्वतःला माझ्यापेक्षा कमी सवलत दिली आहे. तिला थ्रेशोल्ड म्हणजे काय, हे माहीत नव्हते. तिने लिहिले आहे, "ह्यांनी चार हजाराचे दीड हजार करायला सांगितले. देवांग नको म्हणाला. त्याने दोन ओळी लिहून मागितल्या. मी त्याची चेष्टा केली, म्हणून त्याने पुन्हा मागितल्या नाहीत. हे मी पूर्ण शुद्धीवर असताना लिहीत आहे." खाली सही, दिनांक आणि वेळ. शाळेच्या दाखल्यांमुळे तिला ती सवय होती.

दुसरे पान तुझ्यासाठी आहे. ते मी पहिल्यापेक्षा अधिक वेळा वाचले आहे. पंधरा महिने तिने माझ्याशी वाणसामान, औषधे आणि बर्फ याखेरीज कशावर बोलणे केले नव्हते. आणि तुला लिहिताना तिला एक पान पुरले नव्हते.

मी घरी आलो. तिने विचारले, "टाकलंत?" मी म्हणालो, "टाकलं." पत्र माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होते.

तिने हिशेब केला. बारा दिवस जायला, दोन दिवस तुला लिहायला, बारा दिवस यायला. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपासून ती रोज विचारू लागली. "आलं का हो उत्तर?" मी म्हणायचो, "भारताचं टपाल आहे, वेळ लागतो." कधी म्हणायचो, "दिवाळीची गर्दी असेल." एकदा ती स्वतःशीच म्हणाली, "सणाच्या दिवसांत घरात असलं पत्र नको, म्हणून लिहिलं नसेल त्यानं. शहाणा आहे तो." ती तुझ्यासाठी कारणे शोधत होती आणि मी तिला ती पुरवत होतो.

मंगळवार, २५ नोव्हेंबर. सकाळी घरी येणारी नर्स मला बाजूला घेऊन म्हणाली, की आता दिवसच मोजायचे. तिची गाडी वळणाआड जाण्यापूर्वी शोभनाने तीनदा विचारले. आलं का? तिसऱ्या वेळी मी म्हणालो, "आलं."

ती उठून बसण्याचा प्रयत्न करू लागली. मी अभ्यासिकेत गेलो आणि हाताला लागला तो कागद उचलला. जुन्या सादरीकरणातले एक पान होते. त्यावर खालचे तीन स्विच मिटल्यावर वेगानुसार ब्रेकचा जोर कसा बदलतो, त्याचा आलेख होता. तो समोर धरून मी तुझे पत्र वाचले. ते असे होते.

"ती. सौ. काकूंना सा. न. वि. वि. तुमचं पत्र पोचलं. माझा तुमच्यावर राग नाही. पण जे व्हायचं ते होऊन गेलं. यापुढे मला पत्र लिहू नये. देवांग."

तू म्हणशील, की खोटेच वाचायचे होते तर क्षमा वाचायची होती. मलाही तो पर्याय दिसत होता. परंतु क्षमा आली असती तर तिने उत्तर लिहायला कागद मागितला असता, आणि तुझा फोन नंबर मागितला असता. मला तो प्रश्न कायमचा थांबवायचा होता. हे एक कारण. दुसरेही होते, आणि ते येथे वगळले तर हे पत्र चौकशीतल्या माझ्या उत्तरासारखे होईल. मरताना तिच्याजवळ माझ्याखेरीज कोणी उरू नये, अशी माझी इच्छा होती. तू उरला होतास. म्हणून तुला मी काढून टाकले, दुसऱ्यांदा.

तिने कागदाकडे हात पुढे केला. मग म्हणाली, "अक्षर बघू त्याचं."

"चष्मा कुठाय तुझा?" मी म्हणालो. चष्मा माझ्या खिशात होता. पाच मिनिटांपूर्वी मीच तो तिच्या उशाजवळून उचलला होता.

"राहू दे," ती म्हणाली. "उशाशी ठेवा ते."

पाकिटात घालायच्या पत्राची करतात तशी मी त्या कागदाची तीन पदरी घडी केली आणि तिच्या उशीखाली सरकवली.

पुढचे चार दिवस ती माझ्याशी दोनच शब्द बोलली. 'पाणी' आणि 'नको'. मी ते दुखण्यावर आणि मॉर्फिनवर घातले. शनिवारी दुपारी मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही. तेवढी ताकद तिच्यात नव्हती, की तशी इच्छा नव्हती, हे मी तेव्हा स्वतःला हवे तसे ठरवले.

तिला नेल्यानंतर मी चादर काढली. उशीखाली कागद होता. तो चौपदरी होता.

मी तीन पदर केले होते. गेली चाळीस वर्षे मी पत्राची घडी तीनच पदरांची घालतो. शोभना मात्र कोणताही कागद मधोमध आणि पुन्हा मधोमध दुमडत असे. वाणसामानाच्या याद्या, शाळेची हजेरी, सर्व. तिने तो उशीखालून काढला होता, उलगडला होता, पाहिला होता, आणि आपल्या सवयीने घडी घालून परत ठेवला होता. अक्षर वाचायला चष्मा लागतो. आलेख ओळखायला लागत नाही.

तिने तो केव्हा पाहिला, हे समजण्याचा कोणताही मार्ग नाही. याचा अर्थ असा, की मंगळवारी सकाळपासून तो उघडेपर्यंत, तू तिला टाकलेस असे समजून ती जगली. तो काळ एक तासाचा असेल किंवा तीन दिवसांचा. तो तुझ्या वाट्याचा आहे. त्यातून मी तुला सोडवू शकत नाही. त्यानंतरचा काळ माझ्या वाट्याचा आहे. त्यात तिला सर्व माहीत होते, मी खाटेशेजारी बसून होतो, आणि तिने मला पाणी मागितले.

काल मी बँकेत गेलो आणि नोटरीसमोर निवेदनावर सही केली. आकडा बदलण्याची सूचना माझी होती, तुझी लेखी मागणी मी टाळली, आकडा परत नेण्याचे काम माझे होते, आणि चौकशीत मी ते दडवले, असे त्यात चार परिच्छेदांत आहे. एक प्रत आपल्या जुन्या कंपनीला गेली आहे आणि एक डेलच्या वकिलाला. तुझी प्रत या पाकिटात आहे. कुरिअर २७ तारखेस पोचेल, असे त्यांनी सांगितले आहे. तुझी मुदत १० मार्चची आहे. चाकणला कागद नेऊन द्यायला अवधी पुरेसा आहे. यापुढे माझे काय होईल, हा वकिलांचा विषय आहे.

माझे मन पालटले, असा समज करून घेऊ नकोस. त्या उशीखालचा कागद तीन पदरीच निघाला असता, तर हे पाकीट तुला कधीही मिळाले नसते. चाकणची जागा गेली असती, मी तुझ्या आईवडिलांना नमस्कार कळवत राहिलो असतो, आणि शोभनाचे पत्र माझ्या कोटाच्या खिशात राहिले असते. तरीही तिला जाऊन बारा आठवडे लोटेपर्यंत मी थांबलो, आणि तुला आधी मोटारी गुंडाळण्याचा उपदेश केला. मला ती दोन पाने सोडवत नव्हती. तिच्या हस्ताक्षरातले घरात दुसरे काही नाही. याद्या मी वेळोवेळी फेकून दिल्या होत्या.

दोन्ही पाने मूळ आहेत. मी प्रत ठेवलेली नाही. आलेखाचा कागद माझ्याकडे राहील. तो माझ्या नावे आलेला आहे.

दुसऱ्या पानाच्या शेवटी तिने तुला एक प्रश्न विचारला आहे. त्याचे उत्तर एकदा तुझ्या नावाने मी देऊन बसलो आहे. तुला तुझे द्यायचे असेल तर याच पत्त्यावर दे, आणि पाकिटावर तिचे नाव घाल. ते टेबलावर, ती उभी राहत असे त्या बाजूला, ठेवले जाईल. या वेळी मी ते उघडणार नाही.

मला उत्तर लिहू नये.

ज्याच्याकडे तू दोन ओळी मागितल्या होत्यास, तो,
चंद्रशेखर वि. दामले